गुलालाआधीचं काम

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, अंबाडी आणि तानसेच्या काठच्या सगळ्या पाड्यांवरच्या मतदारांनो,

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा निकाल चुकीचा लागलाय असं तुम्हाला वाटलं, तर तुमच्या हातात पंधरा दिवस असतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चं कलम 15 तसं सांगतं. उमेदवार असो की साधा मतदार, निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत त्याने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करायचा. त्यात गैर काही नाही. गावाचा कारभार महिनोन्‌महिने टांगणीला लावून कसं चालेल? पण त्याच कलमात न्यायालयाने निकाल किती दिवसांत द्यावा, याबद्दल एक अक्षर नाही. तक्रार करणाऱ्याला पंधरा दिवस, पंचायतीला पाच वर्षं आणि न्यायाला मुदतच नाही, असा हा हिशोब आहे. तो जुळवून घ्यायचा तर आत्ता, पुढच्या निवडणुकीचा गुलाल उडायच्या आधी. त्यासाठीच हे आवाहन.

मागणी एका वाक्यात मावते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीचे वाद ऐकण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक नेमून दिलेलं निवडणूक न्यायालय असावं, निवडणुकीनंतरचे काही महिने त्या न्यायाधीशापुढे दुसरं काम नसावं आणि निकाल नव्वद दिवसांत लागावा. नव्वदचा आकडा माझा आहे. तुम्ही शंभर म्हणा, एकशेवीस म्हणा. पण आकडा असावा आणि तो पाळणारा माणूसही असावा.

आत्ताच का, ते आधी सांगतो. निकाल लागल्यावर हीच मागणी केली, तर तिला हरलेल्याचं रडगाणं म्हणतात. जिंकलेल्या पॅनेलला नवं न्यायालय नको असतं आणि हरलेल्याला ते फक्त आपल्यापुरतं, उद्याच्या उद्या हवं असतं. आज मात्र पुढच्या खेपेला कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नाही. कबड्डीच्या सामन्यात पंच कोण, हे नाणेफेकीच्या आधीच ठरवतात, नंतर नाही. जानेवारी 2021 साठी राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका एकाच वेळी जाहीर झाल्या होत्या. त्यांची पाच वर्षं 2026 च्या सुरुवातीला भरली. एवढ्या गावांचे निकाल एका लाटेत लागतात, तेव्हा अर्जही एका लाटेतच तालुक्याच्या न्यायालयांवर येऊन आदळतात. तिथला न्यायाधीश त्याच आठवड्यात चेक बाऊन्स, पोटगी, वहिवाट आणि वाटपाचे दावे ऐकत असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

समजा, आपल्याकडे एका प्रभागात दोन मतांनी निकाल लागला. ग्रामपंचायतीत असं घडायला चमत्कार लागत नाही. प्रभाग लहान, मतदार मोजके, एकेका घरातून दोन्ही पॅनेलचे उमेदवार. समसमान मतं पडली, तर ईश्वरचिठ्ठी काढण्याची तरतूदही कायद्यात आहे. आता हरलेल्या बाईंचं म्हणणं असं, की मयत माणसाच्या नावावर मत पडलं आणि एका नवऱ्या मुलीने माहेरी आणि सासरी दोन्हीकडे बोटाला शाई लावून घेतली. त्या पंधरा दिवसांत भिवंडीला जाऊन वकील गाठतात, अर्ज दाखल करतात. नोटिसा निघतात. कुणीतरी समोर येत नाही. मग म्हणणं मांडायला मुदत, मग पुराव्याला तारीख, मग तहसील कार्यालयातून मोहोरबंद कागद मागवायचा अर्ज आणि त्यावर हरकत. प्रत्येक तारखेला अंबाडी नाक्यावरून भिवंडीचा प्रवास, वाहनांची कोंडी आणि एका दिवसाची मजुरी बुडालेली. इकडे ज्यांच्या निवडीवर शंका आहे, ते सदस्य मासिक सभेत हात वर करतायत, उपसरपंच निवडतायत, पाण्याच्या योजनेचे ठराव करतायत. समजा, बाईंचं म्हणणं चौथ्या वर्षी खरं ठरलं, तर त्यांना काय मिळालं? कुठल्या सभेत बसणार त्या?

आणि समजा, बाईंचं म्हणणं खोटं ठरलं. मग चार वर्षं 'याचं काय खरं नाय, याची केस चालूय' हे ऐकत कारभार केलेल्या त्या निवडून आलेल्या माणसावर झालेला अन्याय कोण भरून देणार? हा भाग आपण विसरतो. लवकर लागणारा निकाल जिंकलेल्याच्याही कामाचा असतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले. अमोल कीर्तीकर उच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाने याचिका फेटाळली. निकाल तुम्हाला पटो न पटो, सहा-सात महिन्यांत उच्च न्यायालयापुरता प्रश्न मिटला. खासदाराच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर वॉर्ड मेंबरच्या बाबतीत का नाही?

अर्थात मोठ्या निवडणुकांचा सगळाच इतिहास असा चटपटीत नाही. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर 1987 मध्ये झाली. डॉ. रमेश प्रभू निवडून आले, प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. प्रचारात धर्माच्या नावावर मतं मागितली, हा आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 1989 मध्ये निवड रद्द केली. अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथला निकाल आला 11 डिसेंबर 1995 ला. ज्या विधानसभेसाठी ही निवडणूक झाली, तिची मुदत 1990 मध्येच संपली होती. त्या निकालाने कायद्यात भर पडली, तो आजही शिकवला जातो. पार्ल्याच्या मतदाराला मात्र आपला खरा प्रतिनिधी कोण, हे त्या काळात कळलं नाही. रायबरेलीचंही तेच. 1971 च्या निवडणुकीवर राज नारायण यांनी केलेल्या याचिकेचा अलाहाबाद उच्च न्यायालयातला निकाल 12 जून 1975 ला लागला.

गंमत अशी, की आमदार-खासदारांच्या याचिकांना कायद्यात मुदत आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 म्हणतो की शक्यतो रोजच्या रोज सुनावणी घ्या आणि सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न करा. 'शक्यतो' आणि 'प्रयत्न' या दोन शब्दांमध्ये वर्षं निघून जातात. म्हणून नुसता आकडा लिहून भागत नाही. मुदत आणि ती पाळण्यासाठी मोकळा ठेवलेला न्यायाधीश, ही जोडगोळी लागते. भारतीय विधी आयोगाने, न्यायमूर्ती अ. प्र. शाह अध्यक्ष असताना, मार्च 2015 च्या आपल्या 255 व्या अहवालात प्रत्येक उच्च न्यायालयात खास निवडणूक खंडपीठं नेमावीत, अशी शिफारस केली. ती वरच्या मजल्यासाठी आहे. तळमजल्याचा विचार आपणच करायला हवा, कारण राज्यातल्या सुमारे 28 हजार ग्रामपंचायती तळमजल्यावर राहतात.

तळमजल्यावरचा वाद वरपर्यंत पोचला की काय होतं, ते हरियाणात दिसलं. पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात 2 नोव्हेंबर 2022 ला सरपंचपदाची निवडणूक झाली. एका मतदान केंद्रावरच्या आकड्यांची अदलाबदल झाल्याची तक्रार होती. पानिपतच्या निवडणूक न्यायाधिकरणाने एप्रिल 2025 मध्ये त्या केंद्राच्या फेरमोजणीचा आदेश दिला, तो उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द केला, आणि शेवटी मतदान यंत्रं दिल्लीला मागवून सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात, कॅमेऱ्यासमोर, 6 ऑगस्ट 2025 ला मोजणी झाली. हरलेला म्हणून घोषित झालेल्या उमेदवाराला 1,051 मतं निघाली आणि जिंकलेल्याला 1,000. यंत्रं उघडून मोजायला एक दिवस लागला. त्या दिवसापर्यंत पोचायला पावणेतीन वर्षं. सरपंचपद मिळालं, पण निम्म्याहून जास्त मुदत उडून गेली होती. बरं, हा गाववाला दिल्लीपर्यंत पोचला. आपल्या पाड्यावरचा कोण पोचेल?

आणि ही गोष्ट नीट बघा: हरियाणात दिवाणी न्यायाधीशालाच निवडणूक न्यायाधिकरण म्हणतात. पाटी बदलल्याने वेग आला नाही. म्हणून मी नव्या पाटीसाठी नाही, नव्या रोजनाम्यासाठी आग्रह धरतोय.

जुनीजाणती माणसं आठवण करून देतील, की असली न्यायाधिकरणं आपल्याकडे होती आणि ती बंदही पडली. खरं आहे. पहिल्या तीन सार्वत्रिक निवडणुकांचे वाद निवडणूक आयोगाने नेमलेल्या न्यायाधिकरणांपुढे चालले. 1966 च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने ती व्यवस्था गेली आणि याचिका थेट उच्च न्यायालयांकडे आल्या. ती न्यायाधिकरणं तात्पुरती होती, खटल्यापुरती नेमायची आणि मोडायची. त्यांच्या आदेशांवर पुन्हा वरच्या न्यायालयांत धाव घेतली जायची. तो धडा विसरायचा नाही. म्हणून वेगळी मंडळी, निवृत्त साहेब, सरकारी नेमणुका असलं काही नको. न्यायसंस्थेतलाच, नोकरीत असलेला न्यायाधीश हवा, आणि त्याची निवड उच्च न्यायालयाने करावी.

ब्राझीलमध्ये 1932 साली सुरू झालेली निवडणुकीची वेगळी न्यायव्यवस्था आहे; तिथे नेहमीच्याच न्यायाधीशांना ठरावीक मुदतीसाठी हे काम सोपवतात. नवी फौज उभी करावी लागत नाही. केनियाने 2010 च्या राज्यघटनेत लिहून टाकलं, की संसदेच्या जागांच्या याचिका सहा महिन्यांत निकाली निघाल्याच पाहिजेत. अनुकरण करायला लाज वाटण्याचं कारण नाही. आपल्याच राज्यात सहकारी संस्थांच्या वादांसाठी सहकार न्यायालय आहे, कामगारांसाठी औद्योगिक न्यायालय आहे, नवरा-बायकोसाठी कुटुंब न्यायालय आहे, लोकप्रतिनिधींवरच्या फौजदारी खटल्यांसाठी विशेष न्यायालयं आहेत. प्रतिनिधीने गुन्हा केला का, हे बघायला खास न्यायालय. तो प्रतिनिधी आहे की नाही, हे बघायला मात्र जिथे तारीख मिळेल तिथे.

आता आपल्या बाजूची दारं मोजा. निवडणुकीची वैधता भिवंडीच्या दिवाणी न्यायालयात. सदस्य अपात्र आहे का, म्हणजे दोनपेक्षा जास्त अपत्यं, सरकारी जागेवरचं अतिक्रमण, थकबाकी, हे कलम 14 आणि 16 खाली ठाण्याला जिल्हाधिकाऱ्यांपुढे. तिथून अपील बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे. राखीव जागेवरच्या जातवैधतेचा प्रश्न पडताळणी समितीकडे; भिवंडी तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तेव्हा हा प्रश्न इथे पुस्तकातला नाही. निवडणूक खर्चाचा हिशोब वेळेत दिला नाही, तर ती आणखी वेगळी फाइल. आणि दिवाणी न्यायाधीशाचा कलम 15 खालचा निर्णय कायद्याने अंतिम असल्याने त्यावर साधं अपील नाही. मग फोर्टला उच्च न्यायालयात रिट. एकाच जागेच्या एकाच वादासाठी माणूस भिवंडी, ठाणे, बेलापूर, फोर्ट असा फिरतो. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आपण ठाण्यात राहिलो; निदान जिल्ह्याचं ठिकाण जुनं आणि ओळखीचं आहे, एवढीच काय ती सोय.

जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जांचं तर वेगळंच दुखणं. अपात्रतेचा प्रश्न शक्यतो साठ दिवसांत सोडवावा, असं कलम 16 सांगतं. इथेही 'शक्यतो' आहेच. पण त्याहून मोठी अडचण ही, की हे अधिकारी राज्य शासनाच्या हाताखालचे. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण ज्याच्या बदलीचा कागद मंत्रालयातून निघतो, त्याने निवडून आलेल्या माणसाला घरी पाठवायचं, ही रचनाच डळमळीत आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवलं गेलं. जिल्हाधिकारी, आयुक्त, उच्च न्यायालय, सगळीकडे त्या हरल्या. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पद त्यांना परत दिलं आणि निवडून आलेल्या महिलेला इतक्या सहजपणे काढून टाकण्याच्या वृत्तीवर कडक शब्दांत बोट ठेवलं. राखीव जागेवर बाई निवडून येते, तेव्हा तिला मतांनी हरवता आलं नाही तर अर्जाने हरवायचं, ही युक्ती आपल्या तालुक्यातल्या कुणाला अनोळखी आहे, असं म्हणू नका.

म्हणूनच निवडणूक न्यायालयाकडे फक्त मतमोजणीचे नाही, तर अपात्रतेचेही वाद द्यावेत, असं माझं मत आहे. एक जागा, एक न्यायालय, एक मुदत. त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे एकच अपील, तेही तीस दिवसांत. खोडसाळ अर्ज करणाऱ्याला खर्चाचा भुर्दंड. दोन्हीकडचे वकील तारखा मागतील, त्यांना त्या मोजून द्याव्यात.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पंचायतीच्या निवडणुकीला कुठल्या प्राधिकरणापुढे आणि कशा रीतीने आव्हान द्यायचं, हे राज्याच्या विधिमंडळाने कायद्याने ठरवावं, असं राज्यघटनेचं कलम 243-ण सांगतं. म्हणजे एका अधिवेशनात अधिनियमात दुरुस्ती होऊ शकते. थेट सरपंच निवडीचा कायदा 2017 मध्ये आला, 2020 मध्ये गेला, 2022 मध्ये परत आला. ग्रामपंचायत अधिनियम बदलायला सरकारला वेळ लागत नाही, हे तेवढ्यावरूनही दिसतं.

शंका असलेल्या माणसाला योग्य वेळेत योग्य जागा दिली नाही, तर तो जागा स्वतः शोधतो. डिसेंबर 2024 मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने विधानसभेच्या निकालावर शंका घेऊन गावातच मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झालं नाही. गावाची शंका बरोबर की चूक, यात मी शिरत नाही. पण ती शंका न्यायाधीशापुढे, यंत्र आणि कागद समोर ठेवून, चार महिन्यांत फिटणार आहे असा भरवसा असता, तर गावाला मंडप घालावासा वाटला असता का? आपल्याकडे असले वाद कशावर येतात, ते तुम्हाला माहीत आहे. नळाचं पाणी बंद, लग्नाला बोलावणं बंद, यात्रेत वेगळे गट. चैत्र अमावास्येला वज्रेश्वरी देवीच्या पायऱ्या चढतानाही काही घरं एकमेकांकडे बघत नाहीत, आणि कारण विचारलं तर दोन निवडणुकांपूर्वीची मतमोजणी.

आता काय करायचं ते.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. विषय आधी लेखी द्या आणि पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयांत तो टाकला, तर सभा संपता संपता माणसं उठून गेलेली असतात. गणपूर्तीला गावातल्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी संख्या लागते. शंभर माणसं आणा. महिला सभेत विषय आधी मांडा, कारण अर्जबाजीचा फटका बायांना जास्त बसतो. दोन्ही पॅनेलच्या म्होरक्यांच्या सह्या एका कागदावर घ्या. हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना विचारा, पुढच्या वेळी तुम्हीच दोन मतांनी हरलात तर?

मागणी मान्य होईपर्यंत आहे त्या कायद्यात जे करता येतं, तेही करा. मतदार यादी जाहीर होते तेव्हाच वाचा; मयत आणि दुबार नावांची हरकत त्याच वेळी घ्यायची असते, नंतर ती हळहळ ठरते. मोजणीच्या टेबलावर बसणारा प्रतिनिधी लिहिता-वाचता आणि न चिडणारा निवडा. प्रत्येक यंत्राचा क्रमांक आणि त्यावरचे आकडे त्याने लिहून घ्यावेत. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधी, लेखी, कारणासह मागा. नुसत्या संशयावर न्यायालय मोजणी पुन्हा घेत नाही; मताची गुप्तता त्याआड येते. कुठल्या केंद्रावर, किती मतं, कशी चुकली, हे नेमकं लिहावं लागतं. आणि पंधरा दिवसांतले पहिले पाच दिवस एकमेकांची समजूत काढण्यात घालवू नका.

ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल, शब्द आपल्या सोयीने बदला:

'ही ग्रामसभा महाराष्ट्र शासनाकडे मागणी करते की, ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद निवडणुकांचे व सदस्यांच्या अपात्रतेचे वाद ऐकण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने ठाणे जिल्ह्यात निवडणूक न्यायालय नेमून द्यावे. त्याने अर्ज दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा. त्याविरुद्ध जिल्हा न्यायाधीशांकडे एकच अपील असावे व तेही तीस दिवसांत निकाली निघावे. गरजेप्रमाणे सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. आणि वाद मिटेपर्यंत मतदान यंत्रे व निवडणुकीची कागदपत्रे मोहोरबंद राहावीत. त्यासाठी अधिनियमात आवश्यक ती दुरुस्ती पुढच्या सार्वत्रिक ग्रामपंचायत निवडणुकांआधी करावी.'

सूचक एका पॅनेलचा, अनुमोदक दुसऱ्या पॅनेलचा ठेवा. ठरावाच्या सही-शिक्क्याच्या नकला ग्रामविकास विभाग, राज्य निवडणूक आयोग, मुंबई उच्च न्यायालयाचे रजिस्ट्रार जनरल आणि आपले आमदार यांना स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावत्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावा. वज्रेश्वरीचा ठराव झाला की त्याची एक प्रत शेजारच्या ग्रामपंचायतींना द्या. त्यांनी आपल्या गावाचं नाव घालून तोच ठराव घ्यावा.